तात्यांनी पाडलेला ड्रोन

मी दुबईत नोकरीला लागले तेव्हा नाशिकला भावाला फोन करून पदाचं नाव सांगितलं, कम्युनिटी मॅनेजर. तो जरा विचार करून म्हणाला, म्हणजे सोसायटीची सेक्रेटरीच की, फक्त पगारी. तेव्हा मला राग आला होता. आता निवृत्त होऊन नाशिकला परत आले आहे आणि कबूल करते की माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन कुणी केलं नाही.

आमची कम्युनिटी म्हणजे भिंतीने वेढलेली व्हिलांची वसाहत. मध्ये दोन बागा, एक पोहण्याचा तलाव, एक छोटं दुकान आणि फाटकावर सिक्युरिटी. घरं ज्याची त्याची. रस्ते, झाडं, दिवे, कचरा आणि भांडणं माझी. मी स्वतः राहायचे शारजात, अल नहदाला. तिथे भाडं कमी आणि ट्रॅफिक भरपूर. सकाळी गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि आज कुणाच्या अंगणातून कुणाच्या अंगणात काय गेलं असेल याचा अंदाज बांधत दुबई गाठायची. बार्बेक्यूचा धूर, मांजरं, बोगनवेलीची फुलं, एकदा तर कासव. भिंत ओलांडून जे जे जाऊ शकतं त्याची तक्रार माझ्या टेबलावर यायची. लोक जगभरातले, पण तक्रार करताना सगळे एकाच सुरात बोलतात: शुभदा मॅडम, मी सहसा तक्रार करत नाही, पण...

मग ड्रोन आले. भिंत ओलांडायची गरजच नसलेली वस्तू.

नियम तसा कडक होता. परवान्याशिवाय ड्रोन उडवणं गुन्हा, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावून त्याच्या परवानगीशिवाय फोटो काढणं हा वेगळा, त्याहून गंभीर गुन्हा. तरी अधूनमधून एखादा यायचाच. विकायच्या व्हिलाचे फोटो काढणारा असायचा, नाहीतर वाढदिवसाला मिळालेलं खेळणं उडवून बघणारा. ड्रोन आला की मला फोन यायचा आणि प्रश्न दर वेळी तोच असायचा: आम्ही हा पाडू का?

माझं उत्तरही ठरलेलं होतं. पाडू नका, फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा. हे उत्तर कुणालाच आवडायचं नाही. एका लेबनीज बाईंनी बागेची नळी लावून ड्रोनवर पाण्याचा फवारा मारला. ड्रोन निवांत वर गेला आणि पलीकडच्या अंगणात ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला बसलेले गृहस्थ कोटासकट भिजले. ती तक्रार मला दोन्ही बाजूंनी आली.

दुसरे आमचे अबू सैफ. वयस्कर अमिराती गृहस्थ, वसाहतीतले सगळ्यात जुने रहिवासी. त्यांच्याकडे बहिरी ससाणा होता. एक दिवस ऑफिसात येऊन त्यांनी कॉफी घेतली, माझ्या घरच्यांची चौकशी केली आणि मग शांतपणे विचारलं की ड्रोनवर ससाणा सोडला तर चालेल का. अबू सैफ यांचं हिंदी माझ्याहून गोड. लहानपणी वडिलांच्या दुकानात मुंबईचे व्यापारी यायचे, त्यांच्याकडून शिकलेलं. मी आमच्या कंपनीच्या वकील हाला यांना फोन लावला. त्या इजिप्तच्या. हसत म्हणाल्या, ससाण्याला इथे पासपोर्ट मिळतो, पण ड्रोन मारायचं लायसन्स नाही मिळत. अबू सैफ यांनी तो बेत सोडला, पण कायद्याला भिऊन नव्हे. ड्रोनच्या पात्यांनी पक्ष्याचे पाय कापले जातील, हे त्यांचं कारण.

असं हसत-खेळत चाललं होतं. मग तात्या आले.

तात्या म्हणजे महेश जाधवांचे वडील. महेश एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बायको अनघा शाळेत शिक्षिका. मराठी म्हणून माझं त्यांच्याकडे चहापाण्याचं जाणं-येणं होतं. तात्या माण तालुक्यातले, साताऱ्याकडचे. व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आले होते. दिवसभर मुलगा-सून कामावर, नात शाळेत. नात बोलली तरी इंग्रजीत बोलायची. हा माणूस बिचारा एसीत बसून कंटाळला.

एका सकाळी सिक्युरिटीचा वायरलेस खरखरला: जाधवांच्या व्हिलामागून गोळीबाराचा आवाज. मी गोल्फ कार्टमधून पोचले तर मागच्या अंगणात धोतर-टोपीतले तात्या उभे, हातात गोफण. अनघाने कुंड्यांमध्ये टोमॅटो लावले होते आणि साळुंक्या ते खात होत्या. तात्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून तिची सुबक गोफण विणली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांब दोरी, मध्ये दगड ठेवायला विणलेली जाळीदार वाटी. दोन्ही टोकं हातात धरून डोक्यावर गरगर फिरवायची आणि ऐन वेगात एक टोक सोडायचं. दगड सुटतो. दगड नसला तरी दोरीचा असा फटका वाजतो की पाखरं उडून जातात.

मी त्यांना बजावलं की फटका वाजवा, पण दगड नको. तात्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, पाखरांना दगड मारत नसतात बाई, नुसतं भ्या दाखवायचं असतं. मी सिक्युरिटीला सांगितलं की हा आवाज शेतीचा आहे. त्यांनी तसं रजिस्टरमध्ये लिहिलंही.

पुढे काही दिवसांनी, थंडीच्या दिवसांतल्या एका छान संध्याकाळी, मुलं बागेत खेळत असताना तो प्रकार घडला. अनघा न्हाऊन मागच्या अंगणात केस वाळवत बसली होती. वर एक ड्रोन आला, घोंघावत भिंतीवरून पुढे सरकला आणि नेमका त्यांच्या अंगणावर येऊन थांबला. अनघा उठून आत गेली. ड्रोन हलेना.

तात्यांच्या गावाकडे त्या वर्षी ड्रोनची मोठी दहशत होती. चोर आधी ड्रोन सोडून घरं हेरतात आणि मग फोडतात, असं जो तो सांगत होता. गावातली माणसं गस्त घालत होती. तात्याही त्या गस्तीत फिरून आलेले. त्यांनी फुलांच्या वाफ्यातला शोभेचा पांढरा गोटा उचलला, गोफणीत ठेवला, गोफण फिरवली आणि एक टोक सोडलं.

ड्रोनला तो पहिल्याच फटक्यात लागला. पुढचं मी बागेच्या कोपऱ्यातून स्वतः पाहिलं. ड्रोन एका बाजूला कलला, भेलकांडत भिंतीपलीकडे गेला आणि पायवाटेवर दगडासारखा आदळला. तिथून एक बाबागाडी चालली होती. गाडी ढकलणारी बाई किंचाळली. ड्रोनचं एक पातं उडून गाडीच्या छपराला लागलं आणि कापड फाटलं. आत बाळ झोपलेलं होतं. ते जागंही झालं नाही. बाळ होतं अबू सैफ यांचा नातू.

मी धावत पोचले. मागच्या दारातून तात्याही आले, चेहऱ्यावर विजय घेऊन. मग त्यांनी बाबागाडी पाहिली, फाटलेलं छप्पर पाहिलं आणि ते तिथेच पायवाटेच्या कडेला खाली बसले. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "लेकरू खाली असंल ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

ड्रोन का पाडायचा नाही, याचं उत्तर मी कित्येक वर्षं लोकांना कलमं सांगून देत होते. ते उत्तर आता पायवाटेवर पडलं होतं.

ड्रोनचे मालक मिस्टर कार्टर. पलीकडच्या गल्लीत एकटेच राहणारे निवृत्त इंग्रज इंजिनिअर. उंच, शिष्ट, कुणाशी फारसे न बोलणारे. ते तुकडे गोळा करून माझ्या ऑफिसात आले आणि पोलिसांना बोलावणार म्हणाले. त्यांच्या मालमत्तेची नासधूस झाली होती आणि ती कुणी केली तेही त्यांना माहीत होतं. मी विचारलं, ड्रोनची नोंदणी आहे? परवाना आहे? ते म्हणाले, तो वेगळा मुद्दा. मी म्हटलं, सर, पोलीस आले की हा वेगळा मुद्दा सगळ्यात पुढे येऊन बसेल. त्यांनी ऐकलं नाही. माझ्यासमोरच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनात आम्ही सगळे गेलो. महेश, तात्या, कार्टर आणि दुभाषी म्हणून मी. अधिकारी तरुण अमिराती, फार सभ्य. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं आणि आधी ड्रोनमधलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कार्टर यांनी काय चित्रित केलंय ते पाहणं त्यांना भागच होतं. पडद्यावर खजुराची झाडं, गच्च्या, पुन्हा झाडं. मग जाधवांचं अंगण, क्षणभर अनघा, मग रिकामी खुर्ची. मग धोतरातले तात्या वर बघत, हात फिरवत. त्यानंतर सगळं आभाळ गरगर फिरलं आणि पडदा काळा झाला.

अधिकाऱ्यांनी ते पुन्हा एकदा लावलं. मग तात्यांना हिंदीत विचारलं, "चाचा, बंदूक थी क्या?"

तात्यांनी बंडीच्या खिशातून गोफण काढून टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवली. दोघं गालात हसले. पण गोफण टेबलाच्या खणात गेली, ड्रोन कपाटात गेला आणि तात्या व कार्टर या दोघांचे पासपोर्ट पोलिसांकडे राहिले. तक्रार नोंदवली गेली होती. आता ती आपल्या गतीने चालणार होती.

इथे खरी पंचाईत झाली. गावी तात्यांच्या पत्नीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी परत येतो असं तात्या सांगून आले होते. केस सुरू असताना देश सोडता येत नाही. ती किती लांबेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. महेशचा रक्तदाब वाढला. अनघा म्हणाली, मी तेव्हा केस वाळवायला बसलेच नसते तर. मी तिला तिथेच थांबवलं. स्वतःच्या अंगणात बसणं हा काही गुन्हा नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी हाला यांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. तात्यांचा प्रश्न सरळ होता आणि तो त्यांनी माझ्यामार्फत विचारला: "घर भाड्याचं का असंना, माझ्या पोराचं हाय. वरनं कुणी डोकावतंय म्हटल्यावर गप बसायचं व्हय?"

मी वकील नाही. जसं समजलं तसं सांगते. हाला म्हणाल्या, घरमालकाला घराच्या वरच्या जागेचा हक्क असतो, पण उपयोगापुरता. मजला चढवा, झाड वाढवा, मांडव घाला. तिथून जाणारी वस्तू खाली पाडायचा हक्क त्यात येत नाही, कारण आकाशात काय उडावं हे सरकार ठरवतं. दुसरं, ड्रोन बेकायदा उडत होता म्हणून तो बेवारस होत नाही. तो त्या माणसाचीच मालमत्ता, आणि ती तुम्ही फोडलीत. तिसरं, स्वसंरक्षण म्हणजे अंगावर येणारा धोका टाळायला दुसरा उपायच नसताना केलेली गोष्ट. इथे उपाय होता, आत जाऊन पोलिसांना फोन करायचा. आणि शेवटचं त्यांनी जरा सावकाश सांगितलं. वरची वस्तू पाडली की ती कुठे पडेल हे पाडणाऱ्याच्या हातात राहत नाही. कायदा सगळ्यात जास्त भितो तो याला.

हे शेवटचं ऐकल्यावर तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सुटकेचा एक रस्ता हाला यांनी दाखवला. तिकडे त्याला तनाझुल म्हणतात, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याने आपणहून तक्रार सोडून देणं. अशा खाजगी स्वरूपाच्या प्रकरणात ते चालतं. कार्टर यांनी नुकसानीची तक्रार सोडायची, जाधवांनी डोकावण्याची करायची नाही. परवान्याशिवाय ड्रोन उडवल्याचा दंड मात्र सरकारचा, तो कुणाला माफ करता येत नाही. पण मध्ये तिसरा माणूस होता. अबू सैफ यांनी मनात आणलं असतं तर दोघांनाही कोर्टात उभं केलं असतं. त्यांच्याकडून अजून एक शब्दही आला नव्हता, आणि मला त्याचीच धास्ती होती.

मी वाटाघाटीची तयारी करत होते. तात्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. संध्याकाळी स्वच्छ धोतर, टोपी घालून मला म्हणाले, बाई, त्या बाळाच्या आजोबाकडं मला न्या. मी म्हटलं, तात्या, वकिलांना विचारून जाऊ. ते म्हणाले, माफी मागायला वकील कशाला?

अबू सैफ यांची मजलिस, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची खोली, घराच्या पुढच्या बाजूला होती. त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी आणि खजूर पुढे केले. तात्यांनी कपाला हात लावला नाही. ते उभेच राहिले. हिंदी त्यांना मोडकंतोडकं येत होतं, तरी मला मध्ये बोलू दिलं नाही. म्हणाले, "साब, मेरा चुक्या. मैं उप्पर देखा, नीचे नहीं देखा."

अबू सैफ म्हणाले, "चाचा, मेरा पोता नीचे था. मैं दो रात सोया नहीं." मग त्यांनी स्वतः उठून तात्यांच्या हातात कॉफीचा कप दिला. "पर तुम आया. वो अंग्रेज नहीं आया."

त्यांनी मुलाला हाक मारून कार्टर यांना बोलवायला पाठवलं. वसाहतीत अबू सैफ यांच्या निरोपाला नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. कार्टर आले ते ताठ मानेने. बहुधा त्यांना वाटलं असावं की आपल्याला घेरलंय. त्यांनी आधी बाळाबद्दल खेद व्यक्त केला, तोही पत्रात लिहावा तसा. मग अबू सैफ यांनी त्यांना साधं विचारलं की तुमच्यासारखा शहाणा माणूस दुसऱ्याच्या घरावर ड्रोन का घेऊन गेला.

कार्टर म्हणाले, माझा पोपट हरवलाय.

राखाडी रंगाचा आफ्रिकन पोपट, नाव जॉर्ज. सफाईवाल्याकडून दार उघडं राहिलं आणि तो उडाला. कार्टर यांनी गाडीतून शोधलं, पायी शोधलं, शेवटी दुकानातून ड्रोन आणला आणि झाडांचे शेंडे बघत फिरले. जाधवांच्या अंगणावर थांबले कारण तिथल्या बदामाच्या झाडात काहीतरी राखाडी हललं असं त्यांना वाटलं. मला वाटलं आता संपलं. पण ते पुढे म्हणाले की पोपट त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. ती जाऊन दोन वर्षं झाली. जॉर्ज रोज संध्याकाळी तिच्या आवाजात हाक मारायचा, डेरेक, टी इज रेडी. तिचा आवाज त्यांच्याकडे दुसऱ्या कशातच नव्हता. व्हिडिओ काढायचा तिला कंटाळा होता.

मी हे तात्यांना मराठीत सांगितलं. तात्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मला विचारलं, आन् म्या त्येचं शोधायचं यंत्रच फोडलं व्हय?

त्या बैठकीत कायद्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. अबू सैफ यांनी खलास म्हटलं आणि तेवढ्यात सगळं मिटलं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी पोलीस स्टेशनात जाऊन आपापलं तनाझुल सही करून दिलं. अधिकाऱ्यांनी तात्यांना पासपोर्ट परत दिला. गोफणही परत दिली, वर सांगितलं की ही दुबईत पुन्हा दिसता कामा नये. कार्टर यांना दंड झाला आणि ड्रोन जप्त. त्यांनी कुरकुर केली नाही.

मला वाटतं माझ्या कामातलं सगळ्यात समाधानाचं प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण मधल्या काळात सिक्युरिटीचा वायरलेस पुन्हा खरखरला.

आमच्याकडे काही व्हिला रिकामे असायचे. भाडेकरू गेलेले, नवे यायचे. एका दुपारी गार्ड माझ्या ऑफिसात आला. नेपाळचा, धिप्पाड गडी. वायरलेसवर सगळं सांगायला त्याला संकोच वाटत होता. म्हणाला, मॅडम, त्या कोपऱ्यावरच्या बंद व्हिलात बाई बोलतेय. मी विचारलं, काय बोलतेय? तो म्हणाला, चाय बन गयी बोलतेय मॅडम, अंग्रेजीमध्ये.

मी खुर्चीवरून कशी उठले ते मलाच ठाऊक. किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि जाता जाता कार्टर यांना फोन केला. ते चपला न घालताच धावत आले. मागच्या बाजूला एसीच्या यंत्रांसाठी बांधलेला आडोसा होता. वर पत्रा, खाली गळणाऱ्या पाण्याचं डबकं. तिथे पाइपवर जॉर्ज बसला होता. मळलेला, वाळलेला, शेपटीची पिसं झडलेली. एसीच्या पाण्यावर आणि बाहेर पडलेल्या बदामांवर त्याने दिवस काढले होते. कार्टर यांनी नुसता हात पुढे केला आणि तो त्यावर चढून बसला. गार्ड माझ्या मागे उभा राहून डोळे पुसत होता आणि मला सांगत होता की आडोशात धूळ फार आहे.

त्यानंतर तात्यांचे राहिलेले दिवस मजेत गेले. अबू सैफ त्यांना एकदा आपल्या खजुराच्या बागेवर घेऊन गेले, शहरापासून लांब. तिथे मोकळ्या माळावर रिकामे डबे मांडून तात्यांनी गोफण चालवून दाखवली. अबू सैफ यांनीही प्रयत्न केला. त्यांचा दगड मागे उडाला आणि त्यांच्याच नव्या जीपची काच फुटली. त्यावर कुणी तक्रार केली नाही. आणि रोज संध्याकाळी तात्या कार्टर यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. दोघं पिंजऱ्याजवळ बसून चहा प्यायचे, तात्या तंबाखू मळायचे आणि दोघं बागेकडे बघायचे. महेश म्हणायचा, माझ्याशी बोलताना ते दहा मिनिटांत गप्प होतात, तिथे दोन तास बसतात.

तात्या वेळेत गावी पोचले. ऑपरेशन नीट झालं. पुढे व्हिडिओ कॉल सुरू झाले. महेश सुट्टीच्या दिवशी टॅबलेट घेऊन कार्टर यांच्याकडे जायचा, आणि माण तालुक्यातल्या ओसरीवरून तात्या दुबईतल्या ओसरीवर बोलायचे.

खंत आहे ती एवढीच की बाकीच्यांना हे कधी जमलं नाही. त्या घटनेनंतर मी कम्युनिटीच्या नियमात एक कलम घातलं: ड्रोन, पक्षी किंवा इतर कोणत्याही उडत्या वस्तूवर दगड, पाणी अथवा अन्य काही मारू नये. हाला यांनी मसुदा तपासून दिला. नियम चांगला होता. तरी ड्रोन आले, तक्रारी आल्या, पाडू का म्हणून फोन आले. दारावरची घंटा वाजवून शेजाऱ्याला विचारावं, बाबा रे तुझं काय हरवलंय, असं मला कुणी एकदाही म्हणालं नाही. आणि हे कलम म्हणून लिहिता येत नाही.

निवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्यांचा निरोप घेत फिरत होते. घाई होती, सामानाचा कंटेनर जायचा होता. कार्टर यांच्याकडे उभ्याउभ्याच जाऊन येणार होते. त्यांनी दार उघडलं, मी दोन शब्द बोलले आणि निघायला वळले. ओसरीवरून जॉर्ज म्हणाला, डेरेक, टी इज रेडी. बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच असा शांतपणे ऐकला. हसतमुख बाई असाव्यात.

आणि मग त्याच पोपटाने, खर्जातल्या, तंबाखूने जड झालेल्या पुरुषी आवाजात म्हटलं, "बस की जरा."

कार्टर माझ्याकडे बघत म्हणाले की तो हल्ली हे सारखं म्हणतो, आणि महेशला विचारायचं राहूनच जातं. त्याचा अर्थ काय?

मी अर्थ सांगितला. त्यांनी बाजूची खुर्ची पुढे ओढली. मी पर्स खाली ठेवली आणि बसले.